राखीवबाईंचा दमसास

ऑपेरा हाउसच्या मागच्या जिन्यावर, केसांचे टोप ठेवायची खोली आणि झाडूवाल्यांची मोरी यांच्या मधोमध एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. एक आरसा, एक खुर्ची, पाय ठेवायला एक डुगडुगतं स्टूल आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात एक स्पीकर. रंगमंचावर जे काही चालायचं ते त्या स्पीकरमधून खाली ऐकू यायचं. प्रत्येक प्रयोगाला या खोलीत एक बाई येऊन बसायच्या. गळ्याभोवती मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास, आणि चेहरा असा, की रांगेत कुणीतरी नुकतंच आपल्यापुढे घुसलं आहे.

घुसलं होतंच, असं त्यांचं ठाम मत होतं.

थिएटरात त्यांना सगळे राखीवबाई म्हणायचे. मोठ्या ऑपेराला मुख्य गायिकेच्या जोडीला एक राखीव गायिका ठेवावीच लागते. मुख्य बाईला ताप आला, तिचा पाय मुरगळला, नाहीतर नवऱ्याशी भांडून ती ऐनवेळी गावाला निघून गेली, तर खेळ बंद पडू नये म्हणून. राखीव गायिकेला सगळी गाणी पाठ हवीत, तिचा आवाज तापवून तयार हवा, आणि शेवटचा अंक सुरू होईपर्यंत तिने इमारतीबाहेर पाऊल टाकायचं नाही. शेवटचा अंक सुरू झाला की सुटी. तोवर जी टिकली ती पुढेही टिकेल, असा मॅनेजरचा हिशेब. शिवाय शेवटच्या अंकात नायिका मरतेच, तेव्हा तिची तब्येत जराशी नरम असली तर उलट शोभूनच दिसतं.

राखीवबाईंनी ही नोकरी अठरा-वीस वर्षं केली आणि एवढ्या काळात त्यांना एकदाही वर जायची वेळ आली नाही. कारण जिच्यासाठी त्या राखीव होत्या, ती बया कधी आजारीच पडत नसे.

तिला राखीवबाई तोंडावर 'बाळा' म्हणायच्या आणि घरी 'महाराणी'. हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. ज्या ऑपेराने ती नावारूपाला आली त्यात ती कैदेतल्या राणीचं काम करायची. उद्या फासावर जायचं आहे, आणि ही दुसऱ्या अंकाच्या शेवटी बुरुजाच्या खिडकीशी उभी राहून एक भलंमोठं गाणं गाते. ऑपेरात मरणाऱ्या माणसांना गायला वेळच वेळ असतो. त्या गाण्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून यायचे, रुमाल घडी करून हातात धरूनच बसायचे. आणि खाली बिनखिडकीच्या खोलीत राखीवबाई स्पीकरकडे बघत बसायच्या. त्या तिला पाण्यात पाहत होत्या, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. त्या स्वतः मात्र याला 'अन्यायाची चीड' म्हणायच्या.

तशा त्या काही जन्मतः राखीव नव्हत्या. दोघी एकाच मास्तरांच्या शिष्या. चपलांच्या दुकानाच्या वर मास्तरांच्या दोन खोल्या होत्या; सगळ्या सुरांना चामड्याचा वास यायचा. मास्तर मुलींचा दमसास, म्हणजे एका श्वासात किती वेळ गाता येतं ती ताकद, एका खास पद्धतीने तपासायचे. मुलीने एकच सूर लावून धरायचा आणि मास्तरांनी हात मागे बांधून दारापासून खिडकीकडे चालायला लागायचं. सूर तुटला की मास्तर थांबायचे. धाकटी, म्हणजे पुढची महाराणी, लहानपणी छातीच्या दुखण्याने बरीच अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या सुरावर मास्तर कसेबसे टेबलापर्यंत पोचायचे. राखीवबाईंच्या सुरावर ते खिडकीपर्यंत जाऊन, खाली रस्त्यावर डोकावून, पुन्हा दारापाशी यायचे.

"ही एका दमात गाव ओलांडेल," मास्तर म्हणायचे.

धाकटी टाळ्या वाजवायची. तिला कौतुकच वाटायचं. "ताई, मला शिकव ना गं," म्हणायची. ताईंनी शिकवलंही. कसं उभं राहायचं, पोट कसं सोडायचं, खांदे कसे खाली ठेवायचे. पुढे हे आठवलं की राखीवबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपल्या हाताने आपलं घर दाखवलं चोराला, असं त्या नवऱ्याला सांगायच्या.

मग ऑपेरा हाउसमध्ये राणीच्या कामासाठी निवडचाचणी झाली. दोघींना तेच खिडकीतलं गाणं गायला सांगितलं. त्या गाण्यात शेवटाकडे एक लांबच लांब ओळ आहे. राणी घराची, बागेची, ओट्यावरच्या कोवळ्या उन्हाची आठवण काढते आणि ती आठवण एका सुरातून दुसऱ्या सुरात चढत जाते. लिहिणाऱ्याने ती ओळ एका श्वासात गायची म्हणूनच लिहिली आहे. राखीवबाईंनी ती तशीच गायली. कुठे धक्का नाही, कुठे ओरखडा नाही. परीक्षकांनी माना डोलावल्या. एकाने तर हळूच "व्वा" म्हटलं.

नंतर धाकटी उभी राहिली. ओळीच्या मध्यावर आली आणि तिचा दम संपला. बिचारी घाबरली. थांबली. सगळ्यांना ऐकू येईल असा एक छोटासा श्वास घेतला आणि उरलेली ओळ हलक्या, भिजल्या आवाजात वर नेली. संपलं तेव्हा कंडक्टर (बसचा नव्हे, वाद्यवृंदाचा) चष्मा काढून डोळे पुसत होता.

"असं वाटलं," तो म्हणाला, "की बोलता बोलता राणीला एकदम आठवलं, हे ऊन उद्या आपल्याला दिसणार नाही."

"आठवलं कसलं डोंबल!" राखीवबाई बाहेर कॉरिडॉरमध्ये मास्तरांना म्हणाल्या. "दम संपला तिचा!"

मास्तरांनी नाक शिंकरलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि हे राखीवबाईंनी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

निकाल लागला. धाकटी राणी झाली आणि जिने ओळ अचूक गायली तिला राखीव ठेवलं. पुढे त्या मधल्या श्वासाचं केवढं कौतुक झालं! जाणकार मंडळी त्यावर व्याख्यानं द्यायला लागली. गाणं शिकणाऱ्या पोरी, ज्यांची छाती चांगली भात्यासारखी होती, त्याही त्या जागी मुद्दाम थांबायला लागल्या. राखीवबाई नाक मुरडायच्या. धापा टाकणाऱ्या बाईला दम लागतो आणि लोक त्याला कला म्हणतात, तर मग जिना चढून आलेला दूधवाला मोठाच कलावंत म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, पण ते ऐकायला नवऱ्याखेरीज कुणी नव्हतं.

नवरा पियानो जुळवायचा. ऑपेरा हाउसमधले सगळे पियानो त्याच्याकडे होते. त्याचे कान असे, की शेजारच्या खोलीत कुणी कप बशीत ठेवला तर तो कप तडकलेला आहे का, हे तो इकडून सांगायचा. एकदा तालमीचा पियानो जुळवताना त्याला बिनखिडकीच्या खोलीतून आवाज तापवल्याचं ऐकू आलं. त्याने दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, "हा आवाज इथे खाली काय करतोय?" एवढ्या एका वाक्यासाठी राखीवबाईंनी त्याच्याशी लग्न केलं. माणूस तसा बरा निघाला.

वर्षं जात राहिली. रोज प्रयोगाआधी राखीवबाई महाराणीच्या खोलीत डोकावायच्या.

"घसा कसा आहे गं बाळा?"

"मस्त आहे, ताई!"

"जप हो. हवा फार वाईट आहे."

हे त्या इतक्या मायेने विचारायच्या, की मेकअप करणाऱ्या पोरींना वाटायचं, बहीण असावी तर अशी. महाराणीलाही तसंच वाटायचं. दुसरा अंक संपला की आलेल्या फुलांतला एक गुच्छ ती न चुकता खाली पाठवायची, "ताईंना द्या" म्हणून. राखीवबाई तो झाडूवाल्यांच्या बादलीत खुपसून घरी जायच्या. ती दुष्ट असती, उद्धट असती, तर किती सोयीचं झालं असतं. पण तिने कधी तेवढीसुद्धा सवलत दिली नाही.

एका हिवाळ्यात थिएटरच्या पायऱ्यांवर महाराणी घसरली. पायाचं हाड मोडलं, अशी बातमी आली. राखीवबाईंनी त्या दिवशी केस धुतले, थर्मास दोनदा भरला आणि नवऱ्याला पांढरा शर्ट घालून यायला सांगितलं. संध्याकाळी महाराणी पायाला प्लास्टर घालून, वर लांब झगा चढवून, काठी टेकत रंगमंचावर आली. लोकांना वाटलं, राणीला बेड्या घालून छळलं आहे. त्या प्रयोगाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या आधी कधी पडल्या नव्हत्या. नवरा पांढरा शर्ट घालून घरी आला आणि निमूटपणे जेवायला बसला. त्यावर त्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

एवढंच नव्हे. त्या खोलीत बसून बसून राखीवबाईंना एक सवय जडली होती. स्पीकरवर महाराणी गायला लागली की त्याही अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, बरोबरीने गायच्या. सराव म्हणून नव्हे. तिच्या चुका पकडायला. पोलिसाने एखाद्याच्या पाळतीवर राहावं तशा त्या प्रत्येक सुरामागे जायच्या. इथे थोडी खाली गेली, इथे शब्द खाल्ला, आणि आता, आता थांबेल... ती थांबायची. "थांबली!" राखीवबाई स्पीकरला म्हणायच्या आणि तेवढ्यापुरतं त्यांना फार बरं वाटायचं.

मास्तर म्हातारे झाल्यावर एकदा त्या खोलीत येऊन बसले होते. त्यांनी हा प्रकार पाहिला.

"तू तिचं फार ऐकतेस," मास्तर म्हणाले.

"मग? तिच्या चुका कळायला नकोत?"

"तुझं कधी ऐकतेस?"

"माझं काय ऐकायचं, मास्तर? माझं मला येतंच की."

मास्तर उठून निघाले. हट्टी शिष्यांपुढे हात टेकायची त्यांना सवय होती. पुढच्याच वर्षी ते गेले.

आणि मग तो रविवार आला. दुपारचा प्रयोग होता आणि रेडिओवरून तो थेट ऐकवला जाणार होता. राखीवबाईंनी नेहमीप्रमाणे घशाची चौकशी केली आणि महाराणीने पहिल्यांदाच "मस्त आहे" म्हटलं नाही. नुसती हसली आणि गळ्यावर हात ठेवला. राखीवबाई खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि थर्मासचं झाकण उघडायचंही विसरल्या.

पहिल्या अंकात महाराणीचा आवाज घासत होता. मधल्या एका वरच्या सुरावर तो जुन्या कापडासारखा टरकला. प्रेक्षकांत कुजबूज झाली असावी. स्पीकरमधून ती ऐकू येत नव्हती, पण राखीवबाईंना ती दिसली. त्यांना आनंद झाला. थोडाथोडका नव्हे, पोटातून उकळी फुटावी तसा झाला. लाज वाटायला हवी होती, पण ती नंतर वाटली तरी चालेल असं त्यांनी ठरवलं आणि मफलर काढून ठेवला.

मध्यांतर होताच मॅनेजर जिना उतरून धावत आला. डॉक्टरांनी महाराणीला एक शब्दही काढू नको म्हणून सांगितलं होतं. "बाई, तुम्ही!" एवढंच त्याला बोलता आलं.

राखीवबाई उठल्या. आपण एवढ्या सहज उठू असं त्यांना वाटलं नव्हतं.

वर शिंपीणबाईंनी राणीचा झगा त्यांच्या अंगावर चढवायचा प्रयत्न केला. पाठीवरची बटणं आणि काजं यांच्यात चांगलं वीतभर अंतर राहिलं.

"हे काही भेटणार नाहीत एकमेकांना," तोंडात टाचण्या धरून शिंपीणबाई म्हणाल्या.

झग्याचं एक वेळ जमलं असतं. पण यंदा बुरुज नवा होता. तो फिरायचा, त्याचा जिना गाणं चालू असतानाच सरकायचा, आणि राखीवबाईंनी त्यावर एकदाही तालीम केलेली नव्हती. अंधारात पाय चुकला असता तर राणीला फाशी द्यायची गरजच उरली नसती. मॅनेजरने डोकं खाजवलं आणि अशा वेळी ऑपेरात जो तोडगा काढतात तोच काढला. महाराणी वर खिडकीशी उभी राहून अभिनय करेल, ओठ हलवेल. राखीवबाई रंगमंचाच्या कडेला उभ्या राहून गातील.

"म्हणजे आवाज माझा आणि तोंड तिचं?"

"बाई, वेळ नाही हो."

"मी विंगेत लपून गाणार नाही. लोकांना दिसेन अशी उभी राहणार. दिवा पाहिजे मला."

दिवा दिला. काळ्या साध्या पोशाखात, समोर स्टँडवर स्वरलिपी ठेवून, राखीवबाई रंगमंचाच्या उजव्या कडेला उभ्या राहिल्या. मॅनेजरने पडद्यापुढे येऊन घोषणा केली. प्रेक्षक "अरेरे" म्हणाले. ते अरेरे कुणासाठी होतं हे राखीवबाईंना चांगलं कळलं. थांबा, त्या मनात म्हणाल्या, थांबा जरा. आज एकदा मला ऐका. माझा आवाज, माझा. मग म्हणा काय म्हणायचं ते.

त्या गायल्या. खरंच सुंदर गायल्या. पहिल्या काही ओळींतच खोकणारे खोकायचे थांबले. खिडकीतलं गाणं आलं तेव्हा महाराणी वर बुरुजात उभी होती, हात उन्हाकडे केल्यासारखा पुढे केलेला, तोंड उघडं, आणि राखीवबाईंचा आवाज तिच्या डोक्यावरून, छतावरच्या झुंबरापर्यंत जाऊन परत येत होता. ती लांब ओळ आली आणि गेली. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. गाणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. महाराणीने वरून हात करून सगळ्यांना राखीवबाई दाखवल्या. लोक आणखी जोराने टाळ्या वाजवायला लागले, पण बघत होते वरच.

प्रयोग संपल्यावर महाराणी आली आणि राखीवबाईंच्या गळ्यात पडली. तिला बोलायची मनाई होती, तरी ती कानात घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "ताई, किती सोपं गेलं मला! एकदाही ओठ चुकले नाहीत. वाटलं, मीच गातेय."

आली भाव खायला, राखीवबाईंना वाटलं. माझ्या गाण्यातही हिला स्वतःचंच दिसतं.

मॅनेजर तर नाचायचाच बाकी होता. डॉक्टरांनी महाराणीला दोन आठवडे विश्रांती सांगितली होती. बुधवारचा प्रयोग राखीवबाईंचा. पूर्ण, वर, खिडकीशी. शिंपीणबाई झगा उसवून मोठा करणार होत्या, बुरुजावर उद्या सकाळी तालीम. "लोकांना फरकच कळला नाही, बाई!" मॅनेजर म्हणाला. "सुटलो मी!"

राखीवबाई घरी निघाल्या तेव्हा बाहेर अजून उजेड होता. त्यांनी वाटेत केक घेतला. एवढ्या वर्षांत त्यांनी थिएटरातून घरी येताना कधी काही गोडधोड आणलं नव्हतं. नवऱ्याला कसं सांगायचं, याच्या त्यांनी चालता चालता तीन-चार तऱ्हा करून पाहिल्या.

आता त्या घरात एक नियम होता. महाराणीचं गाणं रेडिओवर लागलं तर रेडिओ बंद करायचा. नियम राखीवबाईंचा आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. त्या आत आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता आणि त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झालेला होता.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?" तो म्हणाला.

"काय झालं?"

"आज मी रेडिओ लावला होता. सगळा नाही. बातम्या ऐकायला म्हणून लावला, तर दुसरा अंकच सुरू झाला. म्हटलं, ऐकू थोडं. जिन्यावर तुझी पावलं वाजतील या भीतीने खिडकीतलं गाणं झाल्याबरोबर बंद केला बघ."

मॅनेजरची घोषणा झाली तेव्हा रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. राखीवबाईंच्या हे लगेच लक्षात आलं. म्हणजे याला काहीच माहीत नाही! याने आपल्याला ऐकलं, आणि कुणाला ऐकलं हे याला माहीतच नाही! त्यांना हसू फुटायला लागलं. केकचा पुडा त्यांनी पाठीमागे धरला.

"मग? कसं झालं?"

नवऱ्याने सुरी खाली ठेवली. "खरं सांगू? महाराणी आज काय गायली गं! एवढी वर्षं तू तिच्या नावाने बोटं मोडतेस, मी हो ला हो करतो. पण आज मन भरून आलं माझं. इतकं चांगलं ती कधीच गायली नसेल."

"एवढं काही नाही हं," राखीवबाई फणकारल्या. "तिचं काय एवढं कौतुक करायचंय!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. पोटात नेहमीच्याच जागी नेहमीचंच दुखलं होतं. जिचं कौतुक ऐकून ते दुखलं ती त्या स्वतःच होत्या.

"नाही, तू काहीही म्हण," नवरा भरात आला होता. "आणि तो मधला श्वास! त्या लांब ओळीतला. आज तो असा आला, की मी कांदा चिरायचा थांबलो."

राखीवबाईंचं हसू मावळलं.

"कुठला श्वास?"

"तोच गं. तिचा. उन्हाच्या आठवणीनंतरचा."

"तो श्वास नव्हता."

"होता की. मला ऐकू येणार नाही का?"

याला ऐकू न येणं शक्यच नव्हतं. राखीवबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी ती ओळ मनात पहिल्यापासून चालवून पाहिली. दिवा, स्टँड, वर महाराणीची पाठ, घर, बाग, ओट्यावरचं ऊन... आणि तिथे, बरोबर तिथे, त्या थांबल्या होत्या. एक छोटासा श्वास घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं, स्वरलिपीत लिहिलेला नव्हता, आणि आपण तो घेतला हे त्यांना आत्तापर्यंत ठाऊकही नव्हतं.

"ती मी होते," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आज गायले ती. तिचा आवाज बसला. मी कडेला उभी राहून गायले."

नवरा आधी हसला. मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग केकच्या पुड्याकडे. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो होतही होता बहुतेक, पण त्याआधी त्याच्या तोंडावर भीतीच उमटली. कप तडकलेला आहे का हे भिंतीपलीकडून सांगणाऱ्या माणसाला आपली बायको ओळखू आली नव्हती.

"मला कळलं नाही गं," तो म्हणाला. "शप्पथ सांगतो. कुठेही वाटलं नाही."

तो खोटं बोलून वेळ मारून नेऊ शकला असता. पण सुरांच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नसे. राखीवबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लोक मला ऐकतील, माझं गाणं ऐकतील, या एका गोष्टीसाठी त्या अठरा-वीस वर्षं त्या खोलीत बसल्या होत्या. आज सगळ्यांनी ऐकलं. रेडिओवरून साऱ्या मुलखाने ऐकलं. आणि ते गाणं तिचं निघालं.

त्या ताडकन उठल्या. "पियानोपाशी बस."

"आत्ता?"

"बुधवारी मी आहे. वर, खिडकीत. ती ओळ मी माझ्यासारखी गाणार. एका दमात. सूर दे."

नवऱ्याने कांद्याचे हात पुसले, पियानोपाशी बसला आणि सूर दिला. राखीवबाईंनी पाय रोवले, पोट सोडलं, छाती भरून घेतली. घर, बाग, ओटा, ऊन. मध्यावर आल्या आणि छातीत काही उरलंच नव्हतं. आवाज तुटला.

"पुन्हा."

पुन्हा तुटला. तिथेच.

"पुन्हा!"

तिसऱ्या वेळी त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि सूर फाटला. तिथेच. खिडकीपर्यंत जाऊन दारापाशी परत यायचा तो दम केव्हा गेला, कुठल्या वर्षी गेला, त्यांना काहीच पत्ता लागला नव्हता. ओठांतल्या ओठांत दुसरीच्या मागे गायला छातीभर हवा लागतच नाही. त्या पियानोला धरून उभ्या राहिल्या आणि धापा टाकायला लागल्या.

नवऱ्याने पट्ट्यांवरचे हात काढून घेतले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बुधवारी तिथे श्वास घे."

"तिच्या जागी?"

"आता तुलाही तिथेच लागतो ना. मग तो तुझाच झाला की. आज मी ऐकला, खरा होता. उसना नव्हता."

राखीवबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते बाहीने पुसलं, नाक ओढलं, आणि मास्तरांच्या खोलीतली मुलगी ओरडावी तशा त्या ओरडल्या,

"हो, पण आधी तिने घेतला ना तिथे!"